सफोक कुणाचं

माराचा डाग कडेकडून पिवळा पडत जातो, मधला भाग शेवटपर्यंत निळा राहतो. थर्झाच्या डाव्या दंडावर चार ठसे एका ओळीत होते आणि पाचवा, जरा रुंद, त्यांच्या समोर आतल्या बाजूला. आज पाचवा दिवस होता. करंगळीचा ठसा जवळपास गेला होता, कारण करंगळीत जोर कमी असतो. अंगठ्याचा अजून जांभळा होता आणि त्याच्याभोवती हिरवट कड आली होती. पावाची कणीक मळताना बाही वर सरकली की ती खाली ओढायची, हे तिला ध्यानात ठेवावं लागत नव्हतं. हात आपोआप ते करत.

तिच्या नवऱ्याने, जेबेझने, आयुष्यात एकदाही घोड्यावर हात उचलला नव्हता. तो हे चारचौघांत सांगे आणि ते खरं होतं. ब्रेकी फार्मच्या पागेचा तो पहिला घोडेवान. पहाटे चारला उठून आठ घोड्यांना वैरण घाली, त्यांच्या पायांतली माती बोटांनी काढी, डेपर नावाच्या म्हाताऱ्या घोडीशी बोलताना त्याचा आवाज इतका मऊ होई की पहिल्या वर्षी थर्झाला वाटलं होतं, हा आवाज कधीतरी आपल्या वाट्यालाही येईल.

अकरा वर्षं झाली होती. याला सोडून जायचं, हे तिने तिसऱ्या वर्षीच ठरवलं होतं. ठरवलेलं तोंडाने बोलायचं राहिलं होतं. तिचा बाप, इफ्रेम, त्याच शेतावर मेंढपाळ होता. बापाचं घर मालकाचं, जेबेझचं घर मालकाचं. ती बापाकडे परत गेली असती तर मालकाला घोडेवान आणि मेंढपाळ यांतला एक निवडावा लागला असता, आणि आठ घोड्यांचा माणूस कुणी घालवत नाही. चाळीस वर्षं एका रानात काढलेल्या बापाला बिऱ्हाड गाडीवर टाकून निघावं लागलं असतं. म्हणून ती ते वाक्य चुलीपाशी, पंपावर, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर मनात म्हणून बघे, आणि गिळून टाकी.

त्या शेतावर सफोक हा शब्द दिवसातून शंभरदा निघे आणि प्रत्येकाचं सफोक वेगळं असे. जेबेझच्या तोंडी सफोक म्हणजे घोडा: तांबूस, आखूड पायांचा, पिंपासारख्या छातीचा, इथल्या चिकणमातीत नांगर ओढायला ज्याच्यासारखा दुसरा नाही. इफ्रेमच्या तोंडी सफोक म्हणजे मेंढी: तोंड काळं, पाय काळे, डोक्यावर लोकर नाही, शिंगं नाहीत. टपालवाला तोच शब्द पाकिटावर वाचे तेव्हा त्याचा अर्थ इंग्लंडच्या पूर्वेचा अख्खा परगणा, समुद्रापासून पश्चिमेच्या माळापर्यंत. कुणाची गफलत होत नसे. कोण बोलतंय एवढं कळलं की पुरे.

थर्झाचा भाऊ क्लेम तो शब्द क्वचितच उच्चारी. त्याच्या तोंडी त्याचा अर्थ माणसं असा होता. परगण्याच्या नावाच्या पलटणीतून तो सिंगापूरला गेला, जहाजातून उतरून जेमतेम पंधरा दिवस लढला, वरून हुकूम आला म्हणून शस्त्र खाली ठेवलं आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत जंगलात रेल्वेचे रूळ टाकत राहिला. रोज सकाळी हजेरीला कुणीतरी ओरडे, सफोकवाले इकडे, आणि रोज त्या रांगेत आदल्या दिवसापेक्षा कमी माणसं उभी राहत. हे त्याने थर्झाला एकदाच सांगितलं होतं, मेंढीचं खूर तासता तासता, वर न बघता. लढाई संपून तीन वर्षं झाली तरी त्याला दर महिन्याला ताप भरे. मेंढवाड्याशेजारच्या चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत तो झोपे, कारण चार भिंतींच्या घरात त्याला झोप लागत नसे.

जेबेझ लढाईभर शेतावरच होता; पिकं पिकवणाऱ्यांना सरकारने सैन्यभरतीतून सोडलं होतं. क्लेम दिसला की तो म्हणे, “पंधरा दिवस बंदूक आणि साडेतीन वर्षं हात वर. मेंढ्यांत बरोबर शोभतोस.” क्लेम बाजूला होऊन वाट देई, आणि याचाच जेबेझला जास्त राग येई.

त्या वर्षीच्या सुगीत मालकांनी, केरिज साहेबांनी, दुसरा ट्रॅक्टर आणला आणि पागेच्या भिंतीवर लिलावाचा कागद लागला. वर ठळक अक्षरांत सफोक, खाली बारीक अक्षरांत आठ जनावरांची नावं आणि वयं. टपालवाल्याने सायकलवरून उतरून तो वाचला आणि म्हणाला, “अख्खा परगणाच काढला की काय मालकांनी विकायला?”

गडी हसले. इफ्रेम कुंपणापलीकडून मेंढ्या घेऊन चालला होता. तो थांबला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “परगणा नाही रे. जे जाणार ते कागदावर लिहिलंय. राहणारं सफोक वर रानात चरतंय.”

म्हाताऱ्याने ते गमतीत म्हटलं होतं. घोडेवान आणि मेंढपाळ एकमेकांना चाळीस वर्षं असंच बोलत आले होते. पण या वेळी कुणी हसलं नाही. घोडे कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्यांना घोडे नको होते. लिलावांना आता इप्सविचचा एक खाटीक येई आणि वजनाच्या अंदाजाने बोली लावी. जेबेझ कागदासमोर बराच वेळ उभा राहिला. डेपर सतरा वर्षांची होती. तिला दुसरं कोण घेणार? त्या आठवड्यात थर्झाच्या दंडावर ते पाच ठसे उमटले.

लिलावाच्या आदल्या दिवशी क्लेमला ताप चढला. थर्झा पागेकडे गेली तेव्हा सहा वाजले असतील, ऊन अजून अंगणात होतं. जेबेझ उंबऱ्याजवळ उजेडाला डेपरला उभं करून तिच्या आयाळीत पिवळ्या फिती गुंफत होता. खाटकासाठी. थर्झाला गलबलून आलं. तिने हलकेच विचारलं की क्लेमला बरं नाही, बाबा एकटे आहेत, उद्याचं आटोपल्यावर दोन दिवस तिकडे जाऊ का?

त्याने हातातली फीत खाली ठेवली नाही. दुसऱ्या हातात लगामाची लोखंडी कडी होती, त्या हाताने त्याने मारलं. कडी नाकाच्या हाडावर बसली. ती दाराच्या चौकटीवर आदळली आणि उंबऱ्याच्या विटांवर गुडघ्यांवर आली. रक्त थेंबांनी आलं नाही, धार लागली. विटांच्या सांध्यांत ते आधी भरलं आणि मग विटांवर पसरलं. जेबेझ घोडीकडे वळला, तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, “काही नाही, बाळ, काही नाही.” घोडी मागे सरकत होती, नाकपुड्या ताणून फुरफुरत होती. तिला शांत करून आत बांधल्यावर तो थर्झाला म्हणाला, “धुऊन टाक ते.”

तिने दोन बादल्या पाणी ओतलं, खराट्याने घासलं. लाल गेलं. पण जुनी वीट भाजलेल्या मातीची असते, तिला सूक्ष्म भोकं असतात. रंग पाण्याबरोबर वाहून जातो आणि जे आत झिरपलं ते तिथेच राहतं. थर्झाने त्या वेळी याचा विचार केला नाही. ती नाकाला ओला फडका लावून घरी गेली.

सकाळी नऊपर्यंत अंगण भरलं. लिलाववाला पेटीवर चढला. मालक कोट घालून उभे होते. बायका पंपापाशी उभ्या होत्या, थर्झाही, डोक्यावरचा रुमाल कपाळाखाली ओढून. नाक सुजून एका बाजूला गेलं होतं. बघणाऱ्यांनी एकदा बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं. तेही अकरा वर्षांच्या सवयीने.

पागेचं दार एकच आणि तिचा नियम जुना. पहिला घोडेवान पहिली घोडी घेऊन बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही, मग दुसरा, मग तिसरा, संध्याकाळी परततानाही तसंच. मालकांच्या आजोबांच्या काळात हा नियम मोडला म्हणून एकाचे दात पडले होते. जेबेझ डेपरला घेऊन दारापर्यंत आला. घोडीने मान खाली घातली, उंबऱ्याशी नाक नेलं आणि चारही पाय रोवून उभी राहिली.

तो तिच्याशी बोलला. कोटाच्या खिशातला, सुवासिक तेलांत भिजवलेला रुमाल काढून तिच्या नाकापुढे धरला; या तेलांमागे कुठलाही घोडा येतो आणि ती कशाची हे घोडेवान बायकोलाही सांगत नाही. डेपरने मान लांब केली, एक पाय उचलला, आणि तो पुन्हा मागेच ठेवला. अंगावरचं कातडं थरथरत होतं. तिच्या मागे रूबेन, दुसरा घोडेवान, त्याच्या मागे तिसरा, आणि मागे दाटीवाटीने सात घोडे. कुणालाच पुढे जाता येईना. पाच मिनिटं गेली, मग पंधरा. लिलाववाल्याने घड्याळ काढलं. खाटकाने विचारलं की घोडे चालत येणार आहेत, की त्याने सुरी घेऊन आत जायचं, आणि काही जण हसले.

थर्झाला त्या क्षणी कळलं. दर नोव्हेंबरला डुक्कर मारल्यावर डेपर त्या जागेवरून जायला तयार होत नसे. पेंढा टाकून, पेटवून, राख पसरली की जाई. ती घोडी रक्त ओलांडत नव्हती. थर्झाचं रक्त. एक वाक्य बोलायचं होतं: उंबऱ्यावर पेंढा जाळा. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का? तीस माणसं होती. तिने रुमाल आणखी खाली ओढला.

“खिळवलेत,” आतून रूबेन म्हणाला. “कुणीतरी घोडे खिळवलेत, जेबेझ.”

ही विद्या त्या भागात सगळ्यांनी ऐकलेली. ससा आणि स्टोट, म्हणजे मुंगसासारखं ते लांब अंगाचं जनावर, यांची काळीजं कुजवून, वाळवून, त्यांची पूड चौकटीला चोळायची. माणसाला वास येत नाही. घोड्याला येतो आणि तो दगडासारखा थिजतो. जेबेझने दूध आणि शिरका मागवला, तो त्यावरचा उतारा, आणि दोन्ही बाजूंची चौकट वरपासून खालपर्यंत पुसली. हात खांबांवरून उतरत विटांपर्यंत आला आणि परत वर गेला. विटांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्या विटांवर काय सांडलं होतं हे त्याला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, पण ती त्याच्या लेखी धुऊन संपलेली गोष्ट होती. तो शत्रूचा हात शोधत होता.

घोडी हलली नाही. मग त्याने मान वळवून वरच्या रानाकडे पाहिलं. मेंढवाड्याच्या फाटकावर म्हातारा इफ्रेम मारलेले स्टोट खिळ्यांना टांगून ठेवी, कोकरांवर येतात म्हणून. इथून ते दिसत नव्हते, पण तिथे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. राहणारं सफोक वर रानात चरतंय, हेही सगळ्यांना आठवत होतं.

जेबेझने घोडीचा दोर रूबेनच्या हातात दिला. भिंतीला टेकवलेला ओकाचा दांडा घेतला, नांगराच्या साखळ्या अडकवायचा, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे असलेला, आणि चालू लागला. कुणी अडवलं नाही. घोडे खिळवणाऱ्याला मार बसतो, यात कुणाला वावगं वाटलं नाही.

थर्झा त्याच्या मागे निघाली. ती पळाली नाही. पुढे आयुष्यभर ती हेच मोजत राहणार होती: दोन शेतं, सहाशे पावलं, आणि प्रत्येक पावलाला ओरडता आलं असतं.

इफ्रेम मेंढ्यांच्या मधोमध उभा होता, लाकडी ताट्यांच्या वाड्यात, एका मेंढीचा जबडा उघडून दात बघत. पहिला घाव म्हाताऱ्याच्या कुत्र्याला, मॉसला बसला. तो दात न दाखवता मधे आला होता. दांडा मानेमागे लागला आणि तो आवाज न करता खाली बसला, कुणी बस म्हटल्यासारखा. म्हाताऱ्याने वर पाहिलं. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर पडला. तो विचारत होता, काय झालं रे, काय केलं मी, आणि तिसऱ्या घावाने आकडा जबड्यात शिरून बाहेर आला, तेव्हा ते विचारणंही थांबलं.

“चोळशील?” जेबेझ म्हणत होता. “माझ्या दाराला चोळशील?”

म्हातारा पडला. मेंढ्या बिथरून कोपऱ्यात दाटल्या आणि तिथून उलट फिरल्या, तेव्हा जेबेझ समोर येणाऱ्या काळ्या तोंडांवर मारत सुटला. एकीचा डोळा गेला. एक गुडघ्यांवर आली आणि बाकीच्या तिच्यावरून गेल्या. मेंढीचं खूर लहान असतं आणि कडेला धारदार. ती सगळी खुरं इफ्रेमच्या छातीवरून आणि हातांवरून गेली, एकदा, आणि परत फिरून पुन्हा एकदा.

क्लेम पत्र्याच्या खोलीतून बाहेर आला तो तापातच होता, अंगावर नुसता सदरा. ताट्यांसाठी भोकं पाडायची पहार दाराशी होती. ती त्याने उचलली. तो ओरडला नाही, धावलाही नाही. मेंढ्यांतून वाट काढत आला आणि दोन्ही हातांनी पहार आडवी फिरवली. ती जेबेझच्या उजव्या कोपराच्या वर बसली. हाड मोडलं तेव्हा कोरडी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. दांडा पडला. दुसरा घाव गुडघ्यावर. जेबेझ चिखलात आडवा झाला, आणि क्लेमने पहार डोक्याच्या वर नेली.

पहार तिथेच थांबली. थर्झा ताटीला धरून बघत होती. भावाच्या डोळ्यांत राग नव्हता. तो फार लांबचं काहीतरी बघत होता, आणि ओठ हलत होते. ती जवळ गेली तेव्हा कळलं, तो आकडे मोजत होता. मग पहार हळूहळू खाली आली. त्याने ती नीट जमिनीवर ठेवली, टाचा जुळवल्या, हात बाजूला ताठ केले आणि हजेरीला उभं राहावं तसा उभा राहिला. माणसं धावत आली तेव्हाही तो तसाच होता.

म्हाताऱ्याला ताटीवर घालून घरी नेलं. तो जिवंत होता, पण जबडा तुटला होता, बोलू शकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली तर बघू. मग त्यांनी पागेच्या अंगणात, पायऱ्यांच्या दगडावर बसवून, जेबेझचा हात फळ्यांत बांधला. तोवर कॉन्स्टेबल व्हिनी सायकलवरून आला होता.

जेबेझने सगळं सांगितलं आणि ते ऐकायला बरोबर वाटत होतं. घोडे खिळवले होते. तो जाब विचारायला गेला. मेंढ्या बिथरल्या, म्हातारा त्यांच्या पायांखाली आला. तेवढ्यात हा वेडा पहार घेऊन अंगावर आला. दांडा? दांडा त्याने स्वतःला वाचवायला उचलला. रूबेनने मान डोलावली, गड्यांनी डोलावली. जंगलातून आल्यापासून तो धड नव्हताच, असं कुणीतरी म्हणालं. मालक जमिनीकडे बघत म्हणाले की इफ्रेमच्या कुटुंबाला शेतावर ठेवता येणार नाही, हे आता उघड आहे.

व्हिनीने खिशातून बेड्या काढल्या. क्लेमने काही न सांगताच दोन्ही मनगटं पुढे केली, योग्य तेवढ्या अंतरावर, सवयीच्या माणसासारखी, आणि व्हिनीने त्या चढवल्या. मनगटांवर जुने पांढरे वळ होते. थर्झाने ते आधीही पाहिले होते, पण ती मनगटं अशी पुढे आलेली तिने पाहिली नव्हती.

“तिला विचारा,” जेबेझ म्हणाला. “ती होती तिथे. माझी बायको सांगेल.”

त्याला खात्री होती. व्हिनी पेन्सिल ओली करून तिच्याकडे वळला. “बाई, तुम्ही काय पाहिलं?”

थर्झा वळली. ती पागेच्या कडेला गेली, तिने पेंढ्याची एक पेंढी काढली आणि उंबऱ्यावर पसरली. रूबेनकडे काडेपेटी मागितली. त्याने ती दिली, कारण काय चाललंय हे त्याला कळेना.

जेबेझला कळलं. त्याचा चेहरा आधीच पांढरा होता. तिने काडी ओढली तेव्हा तो घोडीशी बोलायच्या आवाजात बोलला. अकरा वर्षांत तो आवाज पहिल्यांदा तिच्यासाठी निघाला होता. “थर्झा. नको. ती आत आहे तोवर वाचेल गं. खाटीक बाराला गाडी घेऊन परत जातोय. आजचा दिवस जाऊ दे.”

ते खरं होतं. दारातून डेपर तिच्याकडे बघत होती; आयाळीतल्या पिवळ्या फिती अजून नीट होत्या. थर्झाने तिला अकरा वर्षं पावाचे कडक तुकडे हातावर भरवले होते. घोडीचा कशातच दोष नव्हता. क्लेमची मनगटं अजून तशीच पुढे होती.

तिने काडी पेंढ्याला लावली. तो भडकला, धूर पागेत शिरला, आतले घोडे पाय आपटू लागले. जाळ विझल्यावर तिने खराट्याने राख विटांवर सारखी पसरली, सांध्यांत दाबली. मग रूबेनला म्हणाली, “आण तिला बाहेर.”

“पहिली घोडी पहिला घोडेवानच काढतो,” रूबेन म्हणाला. “मी नाही हात लावायचा.”

तेव्हा तिने स्वतः दोर घेतला. डेपरने मान खाली घातली, राख हुंगली, एकदा शिंकली आणि उंबरा ओलांडून तिच्या मागे उन्हात आली. तिच्या मागे दुसरा घोडा, तिसरा, आठही, आपापल्या क्रमाने. अंगणात खुरांचा तेवढा आवाज येत होता. खाटकाने पाइप विझवला आणि गाडीपासून पुढे आला.

व्हिनी राखेजवळ वाकला. “काय होतं इथे?”

“रक्त,” थर्झा म्हणाली. “विटेत गेलं की पाण्याने निघत नाही. घोड्याला वास येतो.”

“कुणाचं?”

तिने डोक्यावरचा रुमाल काढला. मग बाही वर केली आणि हात उजेडात धरला. व्हिनीने नाक पाहिलं, दंड पाहिला, आणि घसा खाकरला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला: काल संध्याकाळी सहा वाजता, लगामाची कडी, कोणता हात. आज, आधी कुत्रा. मग खांदा. मग जबडा. माझ्या बापाने कशाला काही चोळलं नव्हतं, तो त्या वेळी मेंढीचे दात बघत होता. पहार नंतर आली. तिसऱ्यांदा मारता आलं असतं तेव्हा क्लेमने ती खाली ठेवली. ती एकेक गोष्ट घडली त्या क्रमाने सांगत होती, आवाज चढत नव्हता. मधेच रूबेन एकदा म्हणाला, “देवा,” आणि विटांवरून बाजूला झाला.

“हे तू सकाळीच का नाही सांगितलंस?” मालकांनी विचारलं.

“नाही सांगितलं,” थर्झा म्हणाली.

व्हिनीने क्लेमच्या मनगटांवरून बेड्या काढल्या. क्लेमने हात लगेच खाली घेतले नाहीत. थर्झाने ते धरून खाली केले, तेव्हा गेले. मागे लिलाववाला पेटीवर चढला होता आणि जरा हलक्या आवाजात पहिलं नाव वाचत होता.

व्हिनी भला माणूस होता. तो अशा घरांत पूर्वीही गेला होता आणि अशा वेळी काय बोलायचं ते त्याचं ठरलेलं होतं. त्याने वही मिटली आणि म्हणाला की ठाण्यात वरच्या साहेबांना कळवावं लागेल, जेबेझवर खटला होईल, पण आज त्याचा हात मोडलाय, घोडी चाललीये, माणूस भानावर नाही. बाईने त्याला घरी न्यावं, गरम काहीतरी प्यायला द्यावं. बाकीचं उद्या दोघं शांत झाल्यावर बघू.

जेबेझ दगडावरून उठायचा प्रयत्न करत होता. तो घोडीकडे बघत होता, पण आधारासाठी पुढे केलेला धड हात थर्झाच्या दिशेने होता. तो हात ती धरणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. अंगणात तीस माणसं होती. तिने त्या हाताकडे पाहिलं, आणि मग व्हिनीकडे.

“वही उघडा,” ती म्हणाली. “अजून एक लिहायचंय. मी याच्या घरी परत जाणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही. मी याला सोडलं.”